जंगम वृक्ष

फोंडा महालातील आमच्या मूळ घराची वाटणी झाली तेव्हा मालमत्तेची यादी करण्याचे काम, घरात वकील मी एकटाच म्हणून, माझ्याकडे आले. माड मोजले, फणस मोजले, तांब्यापितळेची भांडी तोलली, देवघरातील समया कोणी कोणत्या वर्षी वापरावयाच्या याच्या पाळ्याही लावून दिल्या. सह्या होण्याची वेळ आली तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसलेल्या काकींनी विचारले, "आणि ते म्हाळुंग रे? ते कुणाच्या वाट्याला?"

तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला, आडव्या कापलेल्या एका जुन्या लाकडी पिंपात, ते झाड मला आठवते तेव्हापासून उभे होते. नवरात्रात त्याचे एखादे फळ देवीपुढे ठेवले जाई. यादीत मात्र ते कोठेच आले नव्हते. मी विद्वत्ता पाजळण्याची ती संधी सोडली नाही. जमिनीत मुळे रोवलेले झाड हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या भाषेत जमिनीशी संलग्न, म्हणून स्थावराच्या बाजूचे. पिंपातल्या झाडाची मुळे पिंपातल्या मातीत, आणि पिंप तर उचलून नेता येते. सबब ते जंगम, असा निवाडा मी देऊन टाकला. त्यावर काकी म्हणाल्या, "मग तूच उचल." अशा रीतीने ते झाड टेम्पोत बसून बेळगावी आमच्या अंगणात आले.

आणि तेथे ते खंगू लागले. पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, फूल येणे थांबले. मी शेणखत घातले, निंबोळी पेंड घातली, एका रोपवाटिकेतून आणलेली कसलीशी पांढरी पूडही घातली. एक गोष्ट मात्र करण्याचे धैर्य होईना, ती म्हणजे पिंप फोडून झाड बाहेर काढण्याचे. वाडवडिलांच्या झाडाच्या मुळांना आपल्या हाताने कोयता लावावयाचा या कल्पनेनेच हात मागे येई. दर चतुर्थीला काकींचा दूरध्वनी येई आणि इतर क्षेमकुशलाच्या आधी प्रश्न येई, "झाड जिवें आसा न्ही रे?" या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देता देता, अडचणीत सापडलेला वकील जे करतो तेच मी केले. जुने दाखले शोधू लागलो. ते जे सापडले ते थेट ग्रीसपासून फ्रान्सपर्यंतचे निघाले, आणि त्यांतील एक मुख्य साक्षीदार माझ्याच धंद्यातला निघाला.

लिंबू-संत्र्यांच्या कुळाचे मूळ आपल्याच बाजूचे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर ब्रह्मदेश आणि पश्चिम युन्नान, हे या कुळाचे माहेर म्हणून दाखविले आहे. म्हाळुंग, पपनस आणि मँडरीन संत्रे या त्यातील मूळच्या जाती. आंबट नारिंग हे पपनस व मँडरीन यांचे अपत्य, आणि युरोपात ज्याला लेमन म्हणतात ते पिवळे लांबट लिंबू हे नारिंग व म्हाळुंग यांचे. आपल्या पूर्वजांना हे गोत्रप्रवर ठाऊक नसले तरी म्हाळुंगाचा मान ठाऊक होता. मातुलुंग आणि बीजपूर ही त्याची संस्कृत नावे. करवीरनिवासिनी महालक्ष्मीच्या उजव्या खालच्या हातात आहे ते मातुलुंगच. महागणपतीच्या ध्यानातही बीजपूर आहे. या फळात गर थोडा, साल जाड आणि बिया विपुल. खाण्यापेक्षा लोणच्या-मुरंब्याकडे त्याचा ओढा अधिक. तरी देवीने हाती धरावयास निवडले ते हेच.

पश्चिमेकडे या कुळातील पहिले गेले तेही हेच, आणि नवल असे की त्याच्या पश्चिमेतील अगदी आरंभीच्या वर्णनातच कुंडी येते. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने इराणी प्रदेशातील या झाडाचे वर्णन केले. काटे, सुगंध, विषावर उतारा म्हणून असलेली ख्याती हे सर्व सांगून, खजुराप्रमाणे याचे बीही भोके पाडलेल्या मडक्यात पेरतात, असे त्याने नमूद केले आहे. पुढे पहिल्या शतकात प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो की, औषधी गुणामुळे अनेक देशांनी हे झाड मातीच्या भांड्यांतून आपल्याकडे नेण्याचा प्रयत्न केला आणि मुळांना श्वास घेता यावा म्हणून त्या भांड्यांना भोके ठेवली. पण परमुलखात रुजावयास झाड राजी होईना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांना मुख्य मर्म कळले होते. लिंबाच्या कुळाची अन्न शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या थरात पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. तळाशी पाणी तुंबले की ती कुजतात, आणि मुळे कुजलेले झाड वरून तहानलेल्या झाडासारखेच दिसते, म्हणून घाबरलेला मालक त्याला आणखी पाणी घालतो. मी तीन वर्षे हेच करीत होतो.

म्हाळुंगामागून नारिंग निघाले. संस्कृत नारंग फारसीत गेला, तेथून अरबीत नारंज झाला, स्पेनमध्ये नारांखा आणि पोर्तुगालात लारांज. गोड संत्र्याचा प्रसार पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे इतका झाला की, अरबी, फारसी आणि ग्रीक या भाषांत त्या फळाचे नावच पोर्तुगालवरून पडले आहे. आणि आपल्या कोंकणीत लारांज आहे! घरातून बाहेर पडलेला शब्द टोपी घालून परत आला आणि आपण त्याला परका पाहुणा समजून पाट मांडला, असा हा प्रकार.

आता दाखल्यांकडे वळतो. उत्तर युरोपच्या थंडीत नारिंग जमिनीत जगत नाही. हिमाच्या एका रात्रीत ते मरते. म्हणून तेथे ते पेटीत लावावयाचे, उन्हाळ्यात बाहेर ठेवावयाचे आणि हिवाळ्यात घरात न्यावयाचे. झाड जंगम करणे हा तेथे शौक नव्हता, नाइलाज होता. परंतु एकदा ते जंगम झाले की जंगम मालमत्तेच्या नशिबी जे जे येते ते सर्व त्याच्याही नशिबी आले.

फ्रान्समध्ये 'ग्राँ कनेताब्ल', म्हणजे महासेनापती, या नावाने ओळखले गेलेले एक कडू नारिंगाचे झाड होते. परंपरा अशी की, १४२१ साली नाव्हारच्या राज्यात, पाम्प्लोना येथे, त्याचे बी एका कुंडीत रुजले. नाव्हारच्या राणीकडून ते भेट म्हणून फ्रान्सच्या राणीकडे आले आणि पुढे शार्ल द बुर्बाँ या सरसेनापतीच्या बागेत पोहोचले. हा शार्ल १५२३ साली आपल्या राजाला सोडून शत्रूला, सम्राट पाचव्या शार्लला, जाऊन मिळाला आणि १५२७ मध्ये रोमच्या वेढ्यात मारला गेला. द्रोह्याची मालमत्ता जप्त झाली, तीत हे झाडही आले. राजाने ते आपल्या फाँतेनब्लोच्या प्रासादात नेले. पुढे चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत ते वर्सायला गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे जगले. साडेचारशे वर्षांहून अधिक आयुष्य लाभलेल्या या झाडाला नाव मिळाले ते मात्र ज्याच्याकडे ते थोडीच वर्षे होते त्या फितुराचे!

दुसरा दाखला याहून मोठा. निकोला फुके हा चौदाव्या लुईचा अर्थमंत्री. व्हो-ल-व्हिकोम्त येथे त्याने बांधलेला प्रासाद आणि बाग पाहून सारे फ्रान्स थक्क झाले. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने राजाला तेथे मेजवानी दिली, आणि ५ सप्टेंबरला राजाने त्याला कैद केले. यातील एक बारकावा वकिलाच्याच नजरेत भरेल. फुके हा पॅरिसच्या उच्च न्यायपीठाचा सरकारी अभियोक्ताही होता, आणि त्या पदामुळे त्याचा न्याय त्याच न्यायपीठापुढे व्हावयास हवा होता. कैदेच्या थोडेच आधी त्याला गोड बोलून ते पद विकावयास लावले गेले आणि खटला खास निवडलेल्या न्यायाधीशांपुढे चालला. १६६४ च्या डिसेंबरात त्या न्यायाधीशांनीही हद्दपारीच दिली, देहान्त नव्हे. तेव्हा राजाने ती शिक्षा सौम्य करण्याऐवजी वाढवून जन्मठेप केली. क्षमेचा अधिकार उलट्या बाजूने चालविल्याची अशी उदाहरणे कायद्याच्या इतिहासात फारशी नाहीत. फुके १६८० मध्ये तुरुंगातच मेला. त्याची माणसे, म्हणजे वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि उद्यानरचनाकार ल नोत्र, राजाने वर्सायसाठी घेतली, आणि व्होची नारिंगाची झाडेही त्यांच्यामागून वर्सायला गेली. प्रासाद स्थावर, तो तेथेच राहिला. झाडे गाडीत बसली.

वर्सायला त्यांच्यासाठी ल व्होने १६६३ साली एक शाळा बांधली होती. ती अपुरी पडली म्हणून १६८४ ते १६८६ या काळात मांसार या वास्तुकाराने दुसरी बांधली, ती आजही उभी आहे. मधल्या दालनाची लांबी दीडशे मीटरहून अधिक, कमानी सुमारे तेरा मीटर उंच, भिंती चार-पाच मीटर जाड, तोंड दक्षिणेला, खिडक्यांना दुहेरी तावदाने. शेगडी नाही, धुनी नाही. केवळ भिंतींच्या जाडीवर आणि सूर्याच्या कलत्या किरणांवर भर हिवाळ्यातही आतली हवा गोठत नाही. अशा वास्तूला आमच्या भाषेत शब्द नाही, कारण आम्हांस तिची गरज नाही. 'नारिंगशाळा' म्हटले तर चालावे. मे महिन्याच्या मध्यावर हजारावर पेट्या बाहेर काढावयाच्या आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आत न्यावयाच्या, हा रिवाज तेथे आजही चालतो.

लुईला या फुलांच्या वासाचे वेड होते. प्रासादातील आरसेमहालात नारिंगाची झाडे चांदीच्या घंगाळांत ठेवलेली असत. १६८९ साली युद्धाच्या खर्चासाठी राजाने ही सारी चांदी टांकसाळीत धाडून वितळविली. घंगाळे गेली, झाडे लाकडी पेट्यांत राहिली, आणि झाडांच्या दृष्टीने पाहता यात काहीच बिघडले नाही. बारमाही फुले मिळावीत म्हणून तेथील माळी काही झाडांचे पाणी तोडून पाने गळू देत आणि मग पाणी-खत देऊन त्यांना फुलावयास लावीत, असे सांगतात. फ्रेंच ग्रंथकार हे राजेशाही चातुर्य म्हणून वर्णितात. नागपूर-अमरावतीकडील संत्रेबागाईतदार याला 'ताण देणे' म्हणतो आणि आंबिया किंवा मृग बहार धरण्यासाठी ते करतो. त्याला त्यात राजेशाही काही वाटत नाही.

पण या सर्व वैभवात माझ्या उपयोगाची वस्तू एकच होती, ती म्हणजे पेटी. वर्सायची पेटी चौकोनी, ओकच्या लाकडाची आणि लोखंडी सांगाड्याची. तिच्या रचनेचे श्रेय ल नोत्रकडे दिले जाते. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्या बाजू दारासारख्या उघडतात. झाड उपटावयाचे नाही. बाजू उघडावयाची, मुळांचा गोळा उघडा पडतो, कडेची माती खरवडून काढावयाची, भिंतीला लागून गोल गोल फिरलेली मुळे छाटावयाची, नवी माती भरावयाची आणि बाजू लावून टाकावयाची. कधी चारही बाजूंनी सर्व माती बदलतात, कधी केवळ कडेची. या दुसऱ्या प्रकाराला फ्रेंच माळ्यांनी 'अर्धे पेटीबदल' असे वेगळे नावही दिले आहे. काही वर्षांनी एकदा हे झालेच पाहिजे. जमिनीतल्या झाडाचे मूळ अन्न संपले की पुढे सरकते. पेटीतल्या झाडाचे मूळ पुढे सरकून भिंतीला लागते, वळते, स्वतःलाच वेढे घालते, आणि अखेर पेटीत माती उरतच नाही, मुळेच उरतात. घातलेले पाणी कडेने वाहून जाते. खत घातले तरी घ्यावयास कोणी नाही.

आता माझा साक्षीदार. झाँ-बातिस्त द ला कँतिनी याचा जन्म १६२६ चा. शिक्षण कायद्याचे, पॅरिसच्या न्यायपीठात त्याने वकिली केली. एका बड्या न्यायाधिकाऱ्याच्या मुलाचा शिक्षक म्हणून तो इटलीला गेला, तेथील बागा पाहिल्या आणि परत आल्यावर वकिली सोडून फळझाडांच्या मागे लागला. १६७० मध्ये राजाच्या फळबागा व भाजीबागा त्याच्या हाती आल्या. वर्सायजवळच्या दलदलीत माती टाकून १६७८ ते १६८३ या काळात त्याने राजाची भाजीबाग उभी केली, ती आजही पिकते. १६८८ मध्ये तो वारला आणि १६९० मध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात नारिंगाच्या झाडांवर एक स्वतंत्र प्रबंध जोडलेला आहे. ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर जॉन एव्हलिनच्या नावाने १६९३ मध्ये निघाले.

या माणसाने पुराव्याच्या कायद्याची शिस्त बागेत नेली, असे मला वाटते. अर्थात माझा पक्षपात वाचकांनी लक्षात घ्यावा. झाड हलविताना त्याची केसासारखी बारीक मुळे जपलीच पाहिजेत, असे त्या काळचे माळी मानीत. ला कँतिनीने ते ऐकून घेतले नाही. झाडे लावली, पुन्हा उपटून पाहिली, आणि त्याला दिसले की हलविलेल्या झाडाची जुनी बारीक मुळे बहुधा वाळून जातात; झाड पुढे जगते ते जाड मुळाच्या छाटलेल्या टोकातून फुटलेल्या नव्या मुळांवर. आजचे शास्त्र त्याच्याइतके टोकाला जात नाही. बारीक मुळेही शक्य तितकी राखावीत असे सांगते. परंतु छाटलेल्या जागी नवी मुळे फुटतात हा त्याचा मुख्य मुद्दा अबाधित आहे. तीन वर्षे मी ज्या जखमेला भीत होतो, तीच त्या झाडाची मागणी होती.

हे वाचताना एक खंतही वाटली. ग्राँ कनेताब्ल कोणी दिले, कोणी घेतले, कोणाकडून जप्त झाले याची हकीकत परंपरेने जपली आहे. साडेचारशे वर्षांत त्याची पेटी अनेकदा उघडली गेली असली पाहिजे, नाहीतर ते जगतेच ना. ते करणाऱ्या माळ्यांपैकी एकाचेही नाव त्या हकीकतीत नाही. आमच्या घरच्या यादीतही म्हाळुंगाच्या पिंपाची माती कोण बदलीत असे हे लिहिलेले नव्हते. काकींना विचारले तेव्हा कळले की काका हयात असेतो दर चार-पाच वर्षांनी, माघात, ते आणि घरचा एक गडी मिळून ते काम करीत. काका गेल्यावर कोणी केले नाही. म्हणजे झाड बेळगावला येऊन खंगले नव्हते. ते खंगलेलेच आले होते.

नारिंगशाळेची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिसचा कम्यून चिरडला गेला आणि कैद्यांचे तांडे वर्सायला आणले गेले. त्यांतील पुष्कळांना लष्करी न्यायासनापुढे उभे करण्याआधी याच शाळेत कोंडले होते. मे महिना म्हणजे झाडे बाहेर काढण्याचा काळ. हिमापासून झाडाचे रक्षण करावयास बांधलेल्या त्या जाड भिंती माणसे कोंडावयासही तितक्याच उपयोगी पडल्या.

गेल्या माघात मी कोर्टाच्या आवारातील बाग सांभाळणाऱ्या एका वृद्ध माळीबुवांना घरी बोलाविले. त्यांनी पिंपाच्या मातीत बोट खुपसून पाहिले; ते अर्धेही आत गेले नाही. "साहेब, ह्याला खत नको, जागा पाहिजे," इतकेच म्हणाले. मग पिंपाच्या लोखंडी पट्ट्या त्यांनी हातोडीने ठोकून सरकविल्या. तशी एकेक फळी सुटून बाजूला पडली, आणि वर्सायच्या पेटीचे रहस्य आमच्या अंगणात उघडे झाले. आत पिंपाच्याच आकाराचा मुळांचा गोळा होता, दगडासारखा. तळाची मुळे काळी पडून कुजली होती, कारण पिंपाच्या बुडाची भोके कधीच बुजली होती. बुवांनी कुजलेली सगळी काढली, कडेची चार बोटे कोयत्याने तासली, गोळ्याला चार जागी उभे काप दिले. मी आत जाऊन चहा सांगण्याच्या निमित्ताने तेवढा वेळ घरात राहिलो.

पिंपाच्या फळ्या सडल्या होत्या. नवे लाकडी भांडे जुन्यापेक्षा वीतभरच मोठे घेतले; फार मोठ्या भांड्यात मुळे पोहोचत नाहीत तेथली माती ओली राहून आंबते. तळाला खापऱ्या, वर पोयटा, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत. खोडाचा पायथा पूर्वी जितका उघडा होता तितकाच ठेवला, मातीखाली जाऊ दिला नाही. मुळे कमी झाली त्या मानाने फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्या. मग झाड पंधरा-वीस दिवस सावलीत, आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याखेरीज पाणी नाही, अशी ताकीद मिळाली.

फाल्गुनात त्याची उरलीसुरली पाने गळाली. तो महिना मी कसा काढला हे सांगत नाही. काकींचा दूरध्वनी आला तेव्हा मी अशिलाकडे गेलो आहे असे घरातून सांगण्यात आले. चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात खोडावर जांभळट कोंब दिसले. पालवीमागून तिच्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्याही आल्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. त्या रोज सकाळी हाताने वेचून काढाव्या लागल्या. फळ यंदा धरले नाही.

छाटलेल्या फांद्यांतील चार फाटे बुवांनी वाळूत खोचून ठेवले होते. म्हाळुंग फाट्यावर सहज जगते. चारांतील दोन जगले. एक बुवा घेऊन गेले. दुसरा मी चतुर्थीला फोंड्याला नेला, तेव्हा काकींनी कुंडी नको म्हणून सांगितले आणि पिंपाच्या जुन्या जागी, वृंदावनाच्या डाव्या अंगाला, तो जमिनीतच लावून घेतला. आता तो स्थावर आहे. जमीन वाटणीत धाकट्या चुलतभावाच्या हिश्श्याला गेली आहे, त्यामुळे झाडही कायद्याने त्याचेच. काकींना हे मी अजून सांगितलेले नाही.